भरतीची वाट आणि हातांतील वल्हें



गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं सणसवाडी येथील आमच्या लहानशा मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनासभेंत एका तरुण बंधूनें मला एक प्रश्न विचारिला. सभा आटोपली होती, सतरंजी गुंडाळावयाची राहिली होती, आणि बाहेर नगर रस्त्यावरून कारखान्यांच्या मालमोटारी जात होत्या. त्या संध्याकाळीं मीं परमेश्वराची वाट पाहण्याविषयीं बोध केला होता, आणि त्यांत, माझ्या नेहमींच्या रिवाजाप्रमाणें, सावित्री नदीच्या खाडींत ओहोटीच्या वेळीं चिखलांत रुतलेल्या होडीची गोष्ट सांगितली होती. ही गोष्ट मीं गेलीं वीस वर्षें अनेक गांवच्या मंडळ्यांत सांगितली आहे. "आम्ही उतावीळ झालों, नावाड्याचें ऐकिलें नाहीं, म्हणून रुतलों, यास्तव, बंधूंनो, देवाच्या समयाची वाट पाहा," असा तिचा शेवट मी करीत असें. तो तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारूं का? भरती सकाळीं येऊन गेली होती, असें आपणच म्हणालांत. मग तुमची होडी सकाळच्या भरतीला कां निघाली नाहीं?"

त्याचें उत्तर मला ठाऊक होतें. परंतु वीस वर्षांत तें मीं एकदांही सांगितलें नव्हतें.

हा तरुण सहज कुतूहलानें विचारीत नव्हता. तो एका कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखालीं सहा वर्षें कामास आहे. त्याच्या पगारांतून भविष्यनिर्वाह निधीच्या नांवानें दरमहा पैसे कापले जात, परंतु खात्यांत ते सर्व भरले गेले नव्हते. त्या प्रश्नाच्या वर्षभर आधीं तो माझ्याकडे सल्ला विचारावयास आला होता. मीं त्याच्या खांद्यावर हात ठेविला, प्रार्थना केली, आणि म्हणालों, "देवाची वाट पाहा." तो गेला, आणि त्यानें वाट पाहिली. आतां तो मला विचारीत होता कीं, माझी वाट पाहणें ही खरोखर ओहोटीची वाट आहे, कीं भरती दारांत येऊन परत जात आहे आणि आपण दोघेही बसून आहों?

देवाची वाट पाहणें कशास म्हणावें व आळस किंवा भय कशास म्हणावें, हा प्रश्न केवळ त्या तरुणाचा नाहीं. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत, जेथें आपल्या वाडवडिलांनीं "नशिबांत असेल तें होईल" हें शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकिले, तेथें हा प्रश्न घरोघर आहे. पुष्कळदां आपण नशीब हा शब्द सोडिला आहे, पण त्याच्या जागीं देवाचें नांव ठेवून तेंच जुनें बसणें चालू ठेविलें आहे. म्हणून ती होडीची गोष्ट मी आज या पत्राच्या द्वारें पूर्ण सांगतों.

आपण घाटावरचे लोक. आपल्या भीमेला आणि वेळ नदीला भरती नाहीं. त्यांचें पाणी एकाच दिशेनें जातें: भीमाशंकराच्या डोंगरांतून निघालेली भीमा पूर्वेस वाहत जाऊन रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते, आणि तें पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जातें. सावित्रीचा उगम त्याच महाबळेश्वराच्या डोंगरांत आहे, जेथून कृष्णा निघते. परंतु ती पश्चिमेस कड्यावरून उतरते, आणि शंभर किलोमीटरांच्या आसपास धांवून, महाडावरून, बाणकोटाजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या खालच्या भागांत समुद्र दिवसांतून दोनदां नदींत चढतो व दोनदां उतरतो. चढत्या पाण्यावर पूर्वीं गलबतें दासगांवापर्यंत आणि लहान होड्या महाडापर्यंत जात असत.

या चढउताराचें कारण चंद्र व सूर्य यांचें आकर्षण होय, हें न्यूटननें १६८७ सालीं आपल्या ग्रंथांत दाखविलें. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारें साडेबारा तासांनीं येते, आणि म्हणून आजच्याहून उद्यांची भरती सुमारें पन्नास मिनिटें उशिरां असते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें; त्यास उधाण म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशीं चढ व उतार यांतील अंतर चार मीटरांहूनही अधिक होतें. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार थोडा असतो. त्यास भांग म्हणतात. ज्या नावाड्याला अक्षर येत नाहीं, त्यालाही हिशेब येतो: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजानें निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं सहा व संध्याकाळीं सहाच्या पुढेंमागें पाणी भरलेलें असतें.

आतां गोष्ट. मी त्या वेळीं सेमिनरींत शिकत होतों, आणि सुटींत एका स्नेह्याच्या घरीं बाणकोटच्या बाजूस राहिलों होतों. खाडीच्या पलीकडे, वरच्या अंगास, एका फांट्याच्या आंत असलेल्या वाडींत एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत असत. त्यांनीं आपल्या आयुष्यांत शाळेंत मुलांस शिकविलें होतें. त्या आजारी होत्या, आणि त्यांनीं निरोप पाठविला होता कीं, "कोणी प्रार्थनेस येईल तर बरें, मला कांहीं सांगावयाचें आहे." स्नेह्यांनीं एका कोळी नावाड्यास सांगून ठेविलें. तो वयानें पुष्कळ मोठा होता. सर्व त्यास तात्या म्हणत. त्याची होडी अरुंद व लहान होती, दोन माणसें व एक वल्हें एवढ्याचीच. आदल्या रात्रीं तो येऊन म्हणाला, "उद्यां अष्टमी. कोंबडा आरवला कीं निघूं. पाणी चढत असतें, तें आपल्यालाच वर घेऊन जाईल, आणि फांट्यांत शिरतांना तळाला पाणी मिळेल."

कोंबडा आरवला, आणि तात्या येऊन ओटीवर बसला. मी उठलों. परंतु स्नेह्यांच्या घरीं चहा ठेविला होता, आणि चहाबरोबर बोलणें निघालें. १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी याच बाणकोटास प्रथम आले, हें बोलणें होतें. मला त्या विषयाची आवड होती, आणि दोन जणांस मी किती वाचिलें आहे हें दाखवावयाचीही आवड होती. तात्या दोनदां उठून पाण्याकडे पाहून आला. तो कांहीं बोलला नाहीं, कारण मी साहेब होतों. आम्ही उठलों तेव्हां आठ वाजून गेले होते.

तात्या म्हणाला, "आतां दुपार जाऊं द्या. पाणी उतरत आहे. तीन वाजतां निघूं." त्या क्षणीं माझ्या मनाला टोंचणी लागली, आणि त्या टोंचणीचें काय करावें हें मला समजलें नाहीं. उशीर मीं केला होता. तो भरून काढण्याचें ओझें मीं तात्याच्या हातांवर टाकिलें. "देवाचें काम आहे, थांबतां येत नाहीं," असें मी म्हणालों. पाहा, किती पवित्र शब्द! तो म्हणाला, "साहेब, पाण्याशीं भांडून कोण वर गेला आहे?" तरी भांगाची ओहोटी, ओढ थोडी, म्हणून त्यानें होडी लोटली. दोन तास तो वल्हें मारीत होता, आणि काठावरचीं तिवरांचीं झाडें जागचीं हालत नव्हतीं. अखेर दहाच्या सुमारास, फांट्याच्या तोंडाशीं, तळ घांसला, आणि होडी चिखलांत बसली.

आम्ही तेथें साडेचार तास होतों. चिखल असा कीं उतरून चालतां येईना. मी होडीच्या टोंकाला बसून कधीं प्रार्थना करीत होतों, तर कधीं चरफडत होतों. तात्या काय करीत होता, हें मला त्या वेळीं महत्त्वाचें वाटलें नाहीं, आज वाटतें. प्रथम त्यानें एक काठी पाण्याच्या कडेला रोंविली, म्हणजे पाणी उतरतें कीं चढतें हें कळावें. मग डब्यानें होडींतलें पाणी उपसलें. एका फटींतून पाणी झिरपत होतें. तींत त्यानें तेलांत भिजविलेला कापूस ठोंकून बसविला. वल्ह्याची दोरी झिजली होती, ती सोडून पुन्हां बांधिली. भाकरी खाल्ली, अर्धी मला दिली. आणि मग, पाणी परत फिरण्याच्या आधींच, तो मांडीभर चिखलांत उतरला, आणि जोर लावून होडीचें तोंड फांट्याच्या दिशेस फिरविलें. मीं विचारिलें, "पाणी तर अजून आलें नाहीं, आतांच कशाला?" तो म्हणाला, "आलें म्हणजे फिरवीत बसूं काय?" अडीचच्या सुमारास काठीभोंवतीं पाणी आलें, होडी हलली, आणि ती तात्काळ निघाली.

आम्ही वाडींत पोंचलों तेव्हां दिवस कलला होता. बाईंच्या सुनेनें दार उघडलें. ती म्हणाली, "सकाळीं दहापर्यंत बोलत होत्या. होडीचा आवाज येतो का, म्हणून विचारीत होत्या." दुपारपासून त्यांची शुद्ध गेली होती. मीं त्यांच्या उशाशीं बसून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीं त्या प्रभूकडे गेल्या. त्यांना काय सांगावयाचें होतें, हें कोणासही ठाऊक नाहीं.

वाचकहो, ही पूर्ण गोष्ट. व्यासपीठावरून मी उतावळेपणाची अर्धी गोष्ट सांगत आलों, आणि चहाची अर्धी गाळीत आलों. कारण उतावळेपणांत थोडी कळकळ तरी दिसते, पण आळसांत कांहींच दिसत नाहीं. आणि अशा अर्ध्या गोष्टीवर मीं एक शिकवण उभी केली, आणि ती एका गरीब कामगाराच्या खांद्यावर ठेविली.

आतां या दोन पापांचा विचार करूं. वरवर पाहतां आळस व उतावीळ हीं एकमेकांचीं वैरी दिसतात. परंतु तीं एकाच आईचीं लेंकरें आहेत. दोहोंत मनुष्य आपलें घड्याळ देवाच्या घड्याळावर ठेवितो. पाणी चढत असतां मला बसावयाचें होतें, म्हणून मी बसलों. पाणी उतरत असतां मला जावयाचें होतें, म्हणून मी निघालों. दोन्ही वेळां पाण्याला मीं विचारलेंच नाहीं. आणि ध्यानांत ठेवा, दुसरें पाप पहिल्याच्या पोटीं जन्मलें. जो समयीं उठत नाहीं, तोच पुढें असमयीं धांवतो.

शास्त्रांत दोहोंचीं उदाहरणें आहेत. शौल राजा गिलगालांत सात दिवस थांबला. शमुवेलास उशीर झाला, लोक पांगूं लागले, तेव्हां त्यानें याजकाचें काम स्वतः करून होम अर्पिला. तो संपतो न संपतो तोंच शमुवेल येऊन पोंचला. ही उतावळेपणाची गोष्ट पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायांत आहे, आणि ती आपण पुष्कळदां ऐकितों. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायांतील फेलिक्स सुभेदाराची गोष्ट आपण कमी ऐकितों. पौल नीतिमत्ता, संयम व पुढें येणारा न्याय यांविषयीं बोलूं लागला, तेव्हां फेलिक्स भ्याला. आणि सवड झाली म्हणजे बोलावीन, असें म्हणून त्यानें पौलास परत पाठविलें. पुढें त्यानें पौलास पुष्कळदां बोलाविलेंही. तो वाट पाहत होता, पण लांचाची. आणि त्याच्या वाट पाहण्याची किंमत कोणीं दिली? फेलिक्सनें नव्हे. पौल दोन वर्षें बंदींत राहिला.

येथें मला वाटतें आपल्या प्रश्नाची पहिली किल्ली आहे. जेव्हां कोणी "थांबा" म्हणतो, तेव्हां विचारावें: या थांबण्याचा खर्च कोण सोसतो? मी चहा पीत असतां माझें कांहीं जात नव्हतें. त्या वाडींत एका बाईचा आवाज जात होता. मीं त्या तरुणास वाट पाहावयास सांगितलें, तेव्हां माझ्या खात्यांतून एक पैसाही कमी झाला नाहीं. स्वतः सोसून थांबणें याला धीर म्हणावें. दुसऱ्यानें सोसावें आणि आपण धीराचा उपदेश करावा, याला धीर म्हणूं नये. पाळकांनो, पंचांनो, उपदेशक बंधूंनो, हें वाक्य मी प्रथम मला स्वतःला लिहीत आहें.

दुसरी किल्ली तात्याच्या हातांत होती. तोही साडेचार तास थांबला आणि मीही थांबलों. परंतु मी नुसता अडकून पडलों होतों, आणि तो खरोखर वाट पाहत होता. त्याच्या काठीकडे पाहा: खरी वाट पाहणारा पाण्यावर नजर ठेवितो. त्याच्या डब्याकडे व कापसाकडे पाहा: तो रिकामा वेळ तयारीस लावितो. आणि चिखलांत उतरलेल्या त्याच्या पायांकडे पाहा: पाणी येण्यापूर्वींच तो आपलें तोंड जावयाच्या दिशेस करितो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दहा कुमारींकडे पाहिलें तरी हेंच दिसेल. दहाही जणी थांबल्या, दहाही जणींस झोंप लागली; भेद होता तो तेलाचा.

आपल्या शिरूर तालुक्यांत भरती नसली तरी चासकमानच्या कालव्याचें आवर्तन आहे. पाटाला पाणी कधीं सुटेल, हें शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. परंतु चारी साफ करणें, वाफे नीट बांधणें व पाळीच्या रात्रीं दारें धरावयास उठणें, हें त्याच्या हातीं आहे. ज्याच्या चारींत गवत माजलें आहे, त्याच्या शेतावरून पाणी पुढें निघून जातें, आणि तो म्हणतो, "माझें नशीब!" बंधूंनो, तें नशीब नव्हे, गवत होय.

नहेम्यानें यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी ऐकिली तेव्हांपासून राजापुढें बोलण्याची संधि येईपर्यंत सुमारें चार महिने लोटले. त्या चार महिन्यांत तो रडला, उपवास केला, प्रार्थना केली. पण राजानें "तुझें मागणें काय?" असें विचारितांच, मनांत देवाची प्रार्थना करून, त्यानें लागलीच मुदत सांगितली, सुभेदारांस पत्रें मागितलीं, वेशीसाठीं लांकूड कोणाकडून घ्यावयाचें तेंही सांगितलें. अर्थात्‌ चार महिने त्याचे गुडघे जमिनीवर होते, पण त्याचें डोकें हिशेब करीत होतें.

कोणी म्हणेल, "मोशेनें तांबड्या समुद्राच्या कांठीं लोकांस उभे राहून देवाचें तारण पाहावयास सांगितलें नाहीं काय?" होय, सांगितलें. परंतु निर्गमाच्या त्याच चौदाव्या अध्यायांत पुढें वाचा. परमेश्वर मोशेस विचारितो कीं, तूं मला हांक कां मारितोस? लोकांस पुढें चालावयास सांग. उभें राहण्याची आज्ञा भयानें परत मिसरांत पळूं पाहणाऱ्या लोकांसाठीं होती. चालण्याची आज्ञा त्याच लोकांसाठीं, त्याच दिवशीं होती. प्रार्थना चालू ठेवून चालण्याचें टाळतां येतें, हें देवालाही ठाऊक आहे.

आणि पौलाच्या तारवाकडे पाहा. सुंदर बंदर येथें त्यानें सांगितलें कीं आतां समुद्रावर जाऊं नये, कारण ऋतु निघून गेला होता. त्याचें ऐकिलें नाहीं, आणि वादळ आलें. मग देवाच्या दूतानें त्यास अभिवचन दिलें कीं, तारवांतील एकाचाही जीव जाणार नाहीं. तारवांत २७६ माणसें होतीं. तरी जेव्हां खलाशी लहान होडी सोडून गुपचूप पळूं लागले, तेव्हां पौल शताधिपतीस म्हणाला कीं, हे तारवांत न राहिले तर तुमचा बचाव व्हावयाचा नाहीं. अभिवचन तर मिळालें होतें! मग खलाशी कशाला पाहिजेत? कारण देव अभिवचन देतो तें खलाशांचे हात वगळून देत नाहीं. पाणी त्याचें, वल्हें आपलें. आणि वल्हें मारणारा हातही त्यानेंच दिलेला.

याच सावित्रीच्या तीरावर महाड आहे, आणि महाडची एक गोष्ट आपल्या लोकांस सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस खुले असावे, असा ठराव सीताराम केशव बोले यांनीं मांडिल्यावरून मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं आपलें तळें खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर भरती आली होती. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला तीन वर्षें त्या लोकांचा हात लागला नाहीं. कारण जो जाईल त्यास मार बसेल, हें सर्वांस ठाऊक होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह पायीं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशीं लोकांस मार बसलाच. पुढें नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, वाद न्यायालयांत गेला, आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. या गोष्टींत वाट पाहण्याचे दोन प्रकार शेजारीं शेजारीं आहेत. १९२४ पासून १९२७ पर्यंतची वाट आणि १९२७ पासून १९३७ पर्यंतची वाट. दुसरी अधिक लांब होती, तरी ती खरी होती; कारण तोंवर होडी पाण्यांत लोटलेली होती.

आतां कठीण भागाकडे येतों. समुद्राला तिथि आहे, पाऊणपटीचा हिशेब आहे. आयुष्याला असें पंचांग नाहीं. भरती आली कीं नाहीं हें कसें ओळखावें? प्रामाणिकपणें सांगतों, प्रत्येक वेळीं ओळखतां येत नाहीं. बाणकोटास आलेल्या त्या पहिल्या मिशनऱ्यांपैकीं डोनल्ड मिचेल हे १८२३ सालींच मरण पावले. मागाहून आलेल्यांनीं भाषा शिकून शाळा घातल्या. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस उतरल्यावर कांहीं काळ याच टापूंत राहून मराठी शिकले. पुढें तें काम पुण्यास व मुंबईस गेलें. मिचेल यांनीं भरती पाहिली कीं ओहोटी? त्यांना कळलें नसेल. मनुष्याला फळ दिसलें नाहीं म्हणून तो चुकीच्या वेळीं निघाला, असें म्हणतां येत नाहीं.

आणि असेंही पाणी असतें कीं त्यावर वल्हें घालूंच नये. २२ जुलै २०२१ रोजीं, पौर्णिमा दोन दिवसांवर असतां, डोंगरांतील अतिवृष्टीचें पाणी व समुद्राची भरती एकत्र येऊन महाड व चिपळूण हीं शहरें बुडालीं. अशा वेळीं उंच जागीं जाणें हीच आज्ञापालनाची रीत. धैर्य म्हणजे प्रत्येक पाण्यांत उडी टाकणें नव्हे.

तरी कांहीं खुणा आपणांस दिल्या आहेत. देवाच्या वचनांत एखादी गोष्ट स्पष्ट सांगितली असेल, तर तिच्यासाठीं निराळी खूण मागत बसूं नये. मजुराची मजुरी अडवून ठेवूं नये हें लेवीयापासून याकोबाच्या पत्रापर्यंत सांगितलें आहे, त्याविषयीं भरती आली का, असें विचारावयाचें उरत नाहीं. कायद्यानें वाट उघडली असेल, तर ती वाट चालणें हा अविश्वास नव्हे. आणि थांबण्याचा सल्ला देणारा व थांबण्याचें दुःख सोसणारा हीं दोन निराळीं माणसें असतील, तर सल्ला पुन्हां तपासावा. या खुणा लावूनही अंधार राहिला, तर मग तात्याप्रमाणें काठी रोंवावी, फट बुजवावी, आणि होडीचें तोंड फिरवून ठेवावें. त्या अंधारांतील थांबणें देव आळसांत धरणार नाहीं.

त्या बुधवारीं सतरंजी गुंडाळून झाल्यावर मीं त्या तरुणास ओट्यावर बसवून चहाची गोष्ट सांगितली. तो ऐकून थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेब, कागद मजपाशीं आहेत." त्याच्याजवळ सहा वर्षांच्या पगाराच्या चिठ्या एका पिशवींत नीट लावून ठेविलेल्या होत्या. माझा सल्ला कसाही असो, तो आपली फट बुजवीत होता. पुढच्या आठवड्यांत आम्ही दोघांनीं बसून अर्ज लिहिला, आणि मी त्याच्याबरोबर संबंधित कचेरींत गेलों. माझ्या जाण्यानें फार कांहीं झालें असें नाहीं. परंतु त्याला तेथें एकट्यानें उभें राहावें लागलें नाहीं. त्याच्याबरोबर काम करणारे आणखी तिघे मागाहून आले. त्यांतील दोघे आपल्या मंडळींतील नाहींत.

निकाल अजून लागलेला नाहीं. कंत्राटदारानें त्यास दोनदां दटाविलें आहे, आणि काम जाईल अशी भीति त्याच्या घरांत आहे. गेल्या रविवारीं तो मला म्हणाला, "आतां वाट पाहावयास सांगा, साहेब. आतां चालेल." मीं तसें सांगितलें, आणि या वेळीं त्याच्याबरोबर मीही वाट पाहत आहें.

प्रिय बंधूंनो, आपल्यापैकीं कोणाचें मूल शाळेंतून काढून घरीं बसविलें आहे, कोणी भावाशीं समेट करावयाचा वर्षानुवर्षें लांबविला आहे, कोणी आजाऱ्याच्या भेटीस उद्यां जाईन म्हणत आहे. आज रात्रीं प्रार्थनेस गुडघे टेंकण्यापूर्वीं स्वतःस विचारा कीं, मी पाणी येण्याची वाट पाहत आहें, कीं पाणी माझी वाट पाहून परत जात आहे? पलीकडच्या वाडींत कोणी होडीच्या आवाजाकडे कान लावून असेल.

ज्या प्रभूनें आपल्या घटकेची वाट पाहिली, आणि ती आली तेव्हां तो मागें फिरला नाहीं, तो आपणांस थांबण्याची नम्रता व निघण्याचें धैर्य देवो. आमेन.